जोडीने लिहिलेले अर्थशास्त्र

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार यांपैकी काहीतरी आम्ही सांगू अशी त्यांची समजूत असावी. अर्थशास्त्राचे लिखाण पूर्वी एकटा माणूस करीत असे, ते आता दोघे, तिघे, चौघे मिळून का करतात, यावर बोलू म्हणताच ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. हा कॉलेजातल्या प्राध्यापकांचा प्रांत, त्यात युनियनच्या माणसाचे काय काम, असे त्यांच्या मनात आले असल्यास त्यांना दोष देता येणार नाही. आमचे शालेय शिक्षण लवकर संपले आणि पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु ज्या कामात आमची उमर गेली त्या कामाने एक खोड लावून ठेवली आहे. तयार माल समोर आला की तो किती हातांतून गेला आणि त्याचा मोबदला कोणाच्या पदरात पडला, हे विचारल्यावाचून आम्हांला चैन पडत नाही. पुस्तक हाही तयार मालच आहे. विद्वानांच्या धंद्यात मोठा मोबदला नावाच्या रूपाने मिळतो. नावावर नेमणूक होते, नावावर बढती मिळते, नावावर पारितोषिक येते. तेव्हा पुस्तकावर नाव कोणाचे लागले, हा आमच्या दृष्टीने वेतनाचाच प्रश्न आहे, आणि वेतनाच्या प्रश्नात लुडबूड करणे हे तर आमचे कामच.

या शास्त्राच्या आरंभीच एक गंमत आहे. १७७६ साली अ‍ॅडम स्मिथ यांचा 'राष्ट्रांची संपत्ती' हा ग्रंथ निघाला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात टाचणीच्या कारखान्याचे वर्णन आहे. टाचणी करण्याच्या कामाचे सुमारे १८ तुकडे पाडून ते १० माणसांत वाटून दिले, तर दिवसाला ४८,००० टाचण्या निघतात. प्रत्येकाने आरंभापासून अखेरपर्यंत सारे काम एकट्याने केले, तर एकेकाच्या हातून दिवसाला २० टाचण्याही होणार नाहीत. श्रमविभागाचा हा महिमा सांगणारा ग्रंथ मात्र एका माणसाने, बराचसा आपल्या गावी बसून, एकट्याच्या नावाने लिहिला! रिकार्डो यांनी १८१७ साली तेच केले, आणि त्यांच्यामागून शंभर वर्षे बहुतेकांनी तेच केले. अर्थशास्त्र हा चिंतनाचा विषय. त्याला एक खोली, एक टेबल आणि एक डोके पुरे, अशी त्या काळची समजूत होती.

ती समजूत कितपत खरी होती, याविषयी आम्हांला शंका आहे. १८४८ साली जॉन स्टुअर्ट मिल यांचा 'अर्थशास्त्राची तत्त्वे' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात कष्टकरी वर्गाच्या भवितव्यावर एक प्रकरण आहे. कामगार चळवळीतल्या माणसाने त्या ग्रंथातील दुसरे काही न वाचले तरी तेवढे वाचावे. हे प्रकरण सर्वस्वी हॅरिएट टेलर यांच्यामुळे लिहिले गेले, असे मिल यांनी स्वतःच आत्मचरित्रात नमूद केले आहे. पण मुखपृष्ठावर बाईंचे नाव नाही. निदान अर्पणपत्रिका तरी त्यांच्या नावे असावी असे मिल यांच्या मनात होते, तर बाईंच्या तेव्हाच्या पतीने हरकत घेतली. अखेर स्नेह्यांना भेट द्यावयाच्या काही प्रतींतच ती अर्पणपत्रिका गेली. त्याच वर्षी मार्क्स आणि एंगल्स या जोडीचा 'कम्युनिस्ट जाहीरनामा' निघाला. दोघांनी मिळून लिहिलेल्या लिखाणाचे याहून गाजलेले उदाहरण सापडणे कठीण, पण पहिल्या आवृत्तीवर दोघांपैकी एकाचेही नाव नव्हते. असो. तो संघटनेचा दस्तऐवज होता. संघटनेच्या पत्रकावर लिहिणाऱ्याचे नाव नसते, हे आम्ही जाणतो.

मनाला लागते ती मेरी पेली यांची हकीकत. १८७४ साली केंब्रिजमध्ये ज्या अगदी पहिल्या स्त्रिया नीतिशास्त्र आणि अर्थशास्त्र या विषयांच्या अंतिम परीक्षेला बसल्या, त्यांत त्या होत्या. परीक्षेला बसू दिले, पदवी मात्र दिली नाही. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी देऊ केली ती १९४८ साली, आणि तोवर मेरीबाईंना जाऊन चार वर्षे झाली होती. विद्यापीठाबाहेर गावोगाव जे व्याख्यानवर्ग चालत, त्यांच्यासाठी अर्थशास्त्राचे एक सोपे पुस्तक लिहावे अशी विनंती त्यांना झाली. म्हणजे आज येथे जमलेल्या मंडळींसारख्या श्रोत्यांसाठीच, असे म्हणा ना. मेरीबाईंचा विवाह त्यांचेच शिक्षक आल्फ्रेड मार्शल यांच्याशी ठरला, आल्फ्रेड पुस्तकात सामील झाले, आणि १८७९ साली 'उद्योगधंद्यांचे अर्थशास्त्र' दोघांच्या नावे प्रसिद्ध झाले. पुस्तकाला मागणी चांगली होती. पुढे मात्र आल्फ्रेड यांना ते आवडेनासे झाले. १८९० साली त्यांचा मोठा ग्रंथ आला, १८९२ साली त्याचा संक्षेप करून जवळजवळ त्याच नावाचे दुसरे पुस्तक त्यांनी काढले, त्यावर नाव एकट्याचे घातले आणि जुने पुस्तक बाजारातून काढून घेतले. ज्या पुस्तकाची मागणी बाईंकडे आली होती, त्याच्या जागी बाईंचे नाव नसलेले पुस्तक आले. काही वर्षांनी केंब्रिजमध्ये स्त्रियांना पदवी देण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा विरोध करणाऱ्यांत आल्फ्रेड मार्शल पुढे होते. हेही येथे सांगून ठेवलेले बरे.

वेब पतिपत्नींचा मामला निराळा. सिडनी आणि बिअ‍ॅट्रिस वेब यांचा 'ट्रेड युनियन चळवळीचा इतिहास' १८९४ साली निघाला, 'औद्योगिक लोकशाही' १८९७ साली, आणि दोन्हींवर दोघांची नावे. हे ग्रंथ आम्ही शब्दकोश शेजारी ठेवून वाचले, त्यामुळे त्यांच्याकडे आमचा थोडा ओढा आहे, तो कबूल करतो. देशभरच्या युनियनांची दप्तरे, नियमांची पुस्तके, सभांची इतिवृत्ते त्यांनी चाळली आणि प्रत्येक नोंद वेगळ्या सुट्या कागदावर लिहिली. असे का करावे, हे बिअ‍ॅट्रिसबाईंनी १९२६ साली आपल्या आत्मकथेच्या परिशिष्टात समजावून सांगितले आहे. वहीतले पान दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, सुटा कागद देता येतो. तो पुन्हा पुन्हा नव्या क्रमाने लावता येतो, त्यावर दोघांना वाद घालता येतो. आमच्या समजुतीप्रमाणे अर्थशास्त्रातील सहलेखनाची खरी सुरुवात या सुट्या कागदापासून झाली. त्यांच्या हाताखाली एफ. डब्ल्यू. गॅल्टन नावाचे चिटणीस होते, मूळचे कोरीवकाम करणारे कारागीर आणि स्वतः युनियनमधले. मुखपृष्ठावर त्यांना जागा नव्हती.

माहिती गोळा करायची म्हटले की काम एकट्याचे राहत नाही, हे आपल्या पुण्याजवळही दिसून आले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली आणि ती १९१७ साली पुस्तकरूपाने निघाली. आज त्या जागी उंच इमारती आहेत, पण तेव्हा ते शेतकऱ्यांचे लहानसे गाव होते. पुस्तकावर लेखक म्हणून मॅन यांचे नाव, आणि त्याखाली 'यांच्या सहकार्याने' म्हणून सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे आणि इतर. मग दुसरे गाव घेतले, जातेगाव बुद्रुक. ते पुस्तक १९२१ साली आले, त्यावर लेखक दोन होते, मॅन आणि एन. व्ही. कानिटकर. 'सहकार्याने' या शब्दापासून 'आणि' या शब्दापर्यंत येण्यास कानिटकरांना चार वर्षे लागली. कारखान्यात बदलीचा कामगार कायम होतो, तसेच हे झाले. 'इतर' मात्र इतरच राहिले.

आता अमेरिकेकडे वळू, कारण पुढची मोठी घडामोड तेथली आहे. पॉल डग्लस हे अर्थशास्त्रज्ञ मजुरीच्या प्रश्नाचे अभ्यासक होते. १८९९ ते १९२२ या काळातील अमेरिकन कारखानदारीत मजूर किती होते, भांडवल किती होते आणि उत्पादन किती झाले, यांचे निर्देशांक त्यांनी जमवले. तिन्ही रेषा आलेखावर काढल्या, तर उत्पादनाची रेषा मजुरांच्या आणि भांडवलाच्या रेषांच्या मधोमध न जाता मजुरांच्या रेषेला धरून जात होती. याचे सूत्र काय असावे, असे त्यांनी आपले मित्र, अ‍ॅमहर्स्ट कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक चार्ल्स कॉब यांना विचारले. त्यातून १९२८ सालचा तो प्रसिद्ध निबंध जन्मला. उत्पादनात मजुरांचा वाटा सुमारे तीन चतुर्थांश आणि भांडवलाचा एक चतुर्थांश, असा त्याचा निष्कर्ष. आजही अर्थशास्त्राचा कोणताही विद्यार्थी कॉब-डग्लस हे नाव एका दमात घेतो.

या सूत्रात एक मेख आहे, ती आम्हांला फार आवडते. त्यात मजूर आणि भांडवल यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. गुणाकारात एकाच्या जागी शून्य घातले की सारे उत्तर शून्य. मजूर काढून घ्या, काही उरत नाही. भांडवल काढून घ्या, काही उरत नाही. मग 'यातले नेमके किती माझे' या प्रश्नाला उत्तर कसे द्यायचे? कारखान्यापुरते अर्थशास्त्रज्ञांकडे उत्तर आहे: प्रत्येक घटक थोडा वाढवला तर उत्पादन किती वाढते ते पाहावे आणि त्या मानाने मोबदला द्यावा. वाटाघाटीच्या टेबलावर हे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. पण स्वतः कॉब आणि डग्लस यांच्या बाबतीत हे उत्तर लावून दाखवा पाहू! आकडे नसते तर सूत्र सुचले नसते, गणित नसते तर सूत्र बसले नसते. डग्लस पुढे १९४९ ते १९६७ अशी अठरा वर्षे अमेरिकन सिनेटमध्ये होते आणि त्यांचे नाव मोठे झाले. सूत्रात मात्र कॉब यांचे नाव आधी येते.

पुढच्या काळात जोड्या वाढत गेल्या. १९४४ साली गणिती फॉन नॉयमन आणि अर्थशास्त्रज्ञ मॉर्गेनस्टर्न यांचा खेळांच्या सिद्धांतावरील ग्रंथ आला. १९५४ साली अ‍ॅरो आणि डेब्रू, आधी एकाच प्रश्नावर वेगवेगळे काम करीत असलेले, एका निबंधात एकत्र आले. १९६३ साली मिल्टन फ्रीडमन आणि अ‍ॅना श्वार्ट्झ यांनी अमेरिकेच्या चलनाचा इतिहास लिहिला. त्याच्या आकड्यांचे डोंगर उपसण्याचे काम मुख्यतः अ‍ॅनाबाईंचे. पुस्तक निघाले तेव्हा त्यांना डॉक्टरेटही मिळाली नव्हती, ती पुढच्या वर्षी मिळाली. १९७६ साली नोबेल पारितोषिक एकट्या फ्रीडमन यांना मिळाले, आणि प्रशस्तीत चलनाच्या इतिहासाचा उल्लेख होता.

आपल्याकडे १९७१ च्या जानेवारीत 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा 'भारतातील दारिद्र्य' हा अभ्यास लागोपाठ दोन अंकांत आला. रोजचे २,२५० कॅलरींचे अन्न मिळण्यास १९६०-६१ च्या भावाने माणशी वर्षाला खेड्यात १८० आणि शहरात २७० रुपये लागतात, असा हिशेब त्यांनी मांडला आणि दारिद्र्याची चर्चा घोषणेतून काढून आकड्यावर आणली. दांडेकर-रथ हेही कॉब-डग्लससारखे जोडनाव झाले आहे. त्या हिशेबाच्या पायाशी राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे होते, आणि ते आकडे दारोदार फिरून 'महिन्याला तेल किती लागते, डाळ किती लागते' असे विचारणाऱ्या पाहणी-कर्मचाऱ्यांनी आणले होते.

आता या धंद्याचे मस्टरच पाहू. १९५० साली अमेरिकेतील प्रमुख नियतकालिकांत शंभरातले नव्वदांहून अधिक लेख एकट्याचे असत. डेव्हिड कार्ड आणि स्टेफानो डेलाविन्या यांनी २०१३ साली पाच अग्रगण्य नियतकालिकांची मोजदाद प्रसिद्ध केली. (अशी मोजदादही आता दोघांनीच करावयाची!) १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत तीन चतुर्थांश लेख एकट्याचे होते, म्हणजे एका लेखामागे सरासरी १.३ लेखक. १९९० नंतर एकट्याचे लेख निम्म्यावर आले. २०१२ पर्यंत तीन चतुर्थांशाहून अधिक लेख दोघांचे किंवा अधिकांचे होते आणि सरासरी २.२ वर गेली होती. चाळीस वर्षांत प्रमाण अगदी उलटे झाले.

याचे कारण विचारले तर बहुतेक जण संगणकाकडे बोट दाखवतात. आम्हांला हे प्रथम पटेना. यंत्र आले की माणसे कमी होतात, हा आमचा जन्माचा अनुभव. येथे यंत्र आले आणि एका नगामागे माणसे वाढली! पण कार्ड आणि डेलाविन्या यांचेच बाकीचे आकडे पाहिले म्हणजे उलगडा होतो. याच काळात एका लेखाची लांबी जवळजवळ तिप्पट झाली. यंत्राने श्रम वाचवले, आणि वाचलेल्या श्रमाच्या जागी परीक्षकांनी नवे काम मागितले: आणखी एक तपासणी करा, आणखी एका देशाचे आकडे आणा. सिद्धांत एकाने मांडावा, आकडे दुसऱ्याने सांभाळावेत, गावात जाऊन पाहणी तिसऱ्याने लावावी, अशी खाती पडली. स्मिथ यांची टाचणी अखेर अडीचशे वर्षांनी त्यांच्याच शास्त्रात आली म्हणा. दूरच्या सहकाऱ्याशी पत्रव्यवहाराला महिने लागत, ते ई-मेल आल्यावर क्षणांवर आले, हेही खरे.

परंतु याहून जवळचे एक कारण आम्हांला दिसते. या पाच नियतकालिकांत १९७० च्या दशकाच्या अखेरीस वर्षाला सुमारे ४०० लेख छापले जात, ते पुढे ३०० वर आले. १९९० पासून येणारे लेख मात्र जवळजवळ दुप्पट झाले. शंभरातले पंधरा स्वीकारले जात, ते सहा स्वीकारले जाऊ लागले. जागा कमी आणि उमेदवार जास्त झाले की माणसे काय करतात, हे कोणत्याही कारखान्याच्या दरवाज्यावर दिसते. ती जोखीम वाटून घेतात. एकाच लेखावर चार वर्षे लावण्यापेक्षा चार लेखांत चौथा हिस्सा घेणे शहाणपणाचे. शिवाय चार नावांचा लेख प्रत्येकाच्या यादीत पाव म्हणून चढत नाही, अख्खा चढतो.

मग नावे कोणत्या क्रमाने लावायची? इतर पुष्कळ शास्त्रांत ज्याचे काम जास्त त्याचे नाव आधी. अर्थशास्त्रज्ञांनी बहुधा आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षराचा क्रम धरला. म्हणूनच कार्ड आधी आणि डेलाविन्या नंतर. आम्हांला हा नियम प्रथमदर्शनी फार पसंत पडला: समान काम, समान नाव, तंटा नाही. पण २००६ साली आयनाव आणि यारीव या दोघांनी दाखवून दिले की अमेरिकेतील अग्रगण्य अर्थशास्त्र विभागांत ज्यांचे आद्याक्षर वर्णमालेत आधी येते त्यांना कायम नेमणूक मिळण्याचा संभव अधिक असतो. मानसशास्त्रात, जेथे हा क्रम पाळत नाहीत, तेथे असा फरक आढळत नाही. लोक पहिले नाव लक्षात ठेवतात आणि पुढच्यांना 'आणि इतर' म्हणतात. समतेचा नियम करताना तो राबवणाऱ्याची सवयही हिशेबात धरावी लागते, हे आम्ही पगाराच्या करारांत पुरते भोगले आहे. यावर २०१८ साली देबराज रे आणि आर्थर रॉबसन यांनी तोड काढली: नाणेफेक करून क्रम ठरवावा, आणि तसे केल्याची खूण म्हणून नावांच्या मध्ये वर्तुळात 'आर' अक्षर छापावे. अमेरिकन अर्थशास्त्र परिषदेनेही ही खूण मान्य केली आहे.

नाणेफेकीने सुटणार नाही असा एक अन्याय हेदर सार्सन्स यांनी उघड केला. पुरुष प्राध्यापकाने लेख एकट्याने लिहिले काय किंवा इतरांबरोबर लिहिले काय, कायम नेमणुकीच्या त्याच्या संधीत फारसा फरक पडत नाही. स्त्रीने इतरांबरोबर, विशेषतः पुरुषांबरोबर, लिहिले तर तिच्या पदरी श्रेय कमी पडते. मेरी पेलींच्या काळी नाव काढून घेत. आता नाव ठेवतात आणि त्याची किंमत काढून घेतात. या अभ्यासाच्या पहिल्या मसुद्यावर सार्सन्स यांनी एक टीप घातली होती, की हा लेख जाणूनबुजून एकटीने लिहिला आहे. २०२१ साली तो विस्ताराने प्रसिद्ध झाला, तेव्हा मात्र त्यावर आणखी तिघांची नावे होती.

आणि ज्यांचे नाव कोणत्याच क्रमात येत नाही त्यांचे काय? २००७ साली बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडन या चौघांचा एक निबंध आला. मुंबई आणि वडोदरा येथील पालिकेच्या शाळांत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच मुली 'बालसखी' म्हणून शिकवत; 'प्रथम' या संस्थेची ही योजना कितपत उपयोगी पडली, ते त्यात तपासले होते. मुले खरोखरच सुधारली. या चौघांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांना, मायकेल क्रेमर यांच्यासह, २०१९ चे नोबेल मिळाले. बॅनर्जींच्या मातोश्री निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर. असंघटित क्षेत्रातील कामकरी स्त्रियांवर त्यांनी १९८५ साली ग्रंथ लिहिला आहे, आणि आम्ही त्यांच्याच नावाने बॅनर्जींना ओळखतो. बालसखीला महिन्याला ५०० ते ७५० रुपये मिळत. तिचा पगार निबंधात आहे, नाव नाही.

दुसऱ्यांची हजेरी एवढी घेतली, तर आमचीही घेतली पाहिजे. काही वर्षांपूर्वी वेतनवाढीच्या मागणीसाठी आम्ही कामगार कुटुंबांच्या घरखर्चाची एक पुस्तिका काढली. घरोघर जाऊन किराणा, भाडे, औषधपाणी, शाळेची फी यांचे हिशेब लिहून आणले ते तिघांनी; दोन कायम कामगार आणि एक कंत्राटी बाई. आम्ही ते जुळवले, भाषा नीट केली, आणि मुखपृष्ठावर नाव छापले आमचे एकट्याचे. मेरी पेलींची हकीकत आम्ही तेव्हाही वाचलेली होती. दुसऱ्या छपाईच्या वेळी तिघांना बोलावून सांगितले, की आता चौघांची नावे अक्षरक्रमाने घालू. दोघे खूश झाले. बाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर त्या युनियनच्या ऑफिसात आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, माझं नाव तेवढं राहू द्या. सुपरवायझरनं वाचलं, की पुढच्या कंत्राटाच्या यादीत मी नसेन."

दुसरी छपाई तीन नावांनी निघाली. सर्वांत नेटके हिशेब त्यांच्याच वहीतले होते.